मुलांच्या टबातले पाणी: साठवू नका, रोज बदला

उन्हाळी सुटीत अंगणातला छोटा टब म्हणजे मुलांचा आनंद आणि आईची डोकेदुखी. पाणी रोज फेकावे तर जीव कळवळतो, ठेवावे तर आजाराची भीती. यातून मार्ग कसा काढावा?

मे महिना सुरू झाला की झाशीतील घरांचे वेळापत्रकच बदलून जाते. बाजारहाट सकाळी नऊच्या आत उरकायची, दुपारी दारेखिडक्या लावून कूलरसमोर बसायचे आणि ऊन कलल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बुंदेलखंडातील लू काय असते हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. मे २०२४ मध्ये तर झाशीतील पारा ४९ अंशांवर पोहोचला होता.

अशा दिवसांत सुटी लागलेल्या मुलांना घरात कोंडून ठेवणे सोपे नसते. म्हणूनच हवा भरून फुगवायचा रंगीत टब आता अनेक घरांच्या अंगणात आणि गच्चीवर दिसू लागला आहे. सुभेदार रघुनाथ हरि नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहिलेली मराठी घरे असोत, रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे असोत की शेजारचे बुंदेली घर असो, दृश्य सगळीकडे सारखेच. टबात घोटाभर पाणी, त्यात दोनतीन मुले आणि काठावर टॉवेल घेऊन उभी असलेली आजी.

पहिला दिवस मजेत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे कालच्या पाण्याचे काय करायचे? पाणी वरून स्वच्छ दिसते. तळाला थोडी माती आहे, दोन पाने तरंगत आहेत, एवढेच. आजी म्हणते, "अगं, एवढे पाणी ओतून देऊ नकोस. पाने काढ, थोडी तुरटी फिरव, आजचा दिवस चालेल." सुनेच्या मनात शंका असते, पण नळाला पाणी किती वेळ येते हे तिलाही ठाऊक असते. पाणी तसेच राहते आणि मुले पुन्हा त्यात उतरतात.

आजीचे म्हणणे अडाणीपणाचे नाही. त्यामागे या भागाचा अनुभव आहे.

पाण्याची किंमत जाणणारे शहर

झाशीला पिण्याचे पाणी मुख्यतः बेतवा नदीवरील माताटीला धरणातून मिळते. हे धरण शेजारच्या ललितपूर जिल्ह्यात आहे. जमिनीखाली कठीण खडक असल्यामुळे बुंदेलखंडात पावसाचे पाणी मुरते कमी आणि वाहून जाते जास्त. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, हातपंप कोरडे पडतात आणि कित्येक मोहल्ल्यांत टँकरची वाट पाहावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्याच वर्षी मे महिन्यात बुंदेलखंडासाठीही पाण्याची रेल्वे झाशीला पाठवण्यात आली होती आणि तिच्यावरून केंद्र व राज्य सरकारमध्ये बराच वाद झाला होता.

अशा गावात मुलांच्या खेळासाठी रोज पाणी ओतून द्यायचे म्हटल्यावर घरातील वडीलधाऱ्या माणसांचे मन तयार होत नाही, हे साहजिक आहे. म्हणून टबातले पाणी स्वच्छ कसे ठेवावे हा प्रश्न इथे दुहेरी आहे. मुलांचे आरोग्य तर सांभाळायचेच, पण पाण्याची नासाडीही होऊ द्यायची नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. मात्र त्यासाठी एक समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. ती म्हणजे काहीतरी औषध टाकले की टबातले पाणी आठवडाभर टिकते.

स्वच्छ दिसणारे पाणी फसवे असते

पोहण्याचा मोठा तलाव आणि अंगणातला टब यांत फरक केवळ आकाराचा नसतो. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात ३ लाख लिटर पाणी मावते. ते पाणी पंपाने सतत फिरते, गाळणीतून जाते आणि त्यातील क्लोरीनचे प्रमाण दिवसातून अनेकदा तपासले जाते. ४ फूट व्यासाच्या टबात ६ इंच पाणी भरले तर ते होते सुमारे १७० लिटर, म्हणजे तलावाच्या पावणेदोन हजारांश. त्याला ना पंप, ना गाळणी, ना तपासणारा माणूस.

आता या १७० लिटरमध्ये तीन मुले उतरली असे समजा. त्यांच्या अंगावरचा घाम, केसांतले तेल, पायांची धूळ आणि अंगाला लावलेली पावडर सगळे पाण्यात मिसळते. लहान मुले पाण्यात लघवी करतात, हे प्रत्येक आईला माहीत असते. शौचानंतर नीट धुतले नसेल तर मळाचा सूक्ष्म अंश त्वचेवर राहतोच. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार आंघोळ न करता पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर सरासरी ०.१४ ग्रॅम इतका मळाचा अंश असू शकतो. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यात जंतूंची संख्या प्रचंड असते. मोठ्या तलावात ती घाण विरळ होते आणि क्लोरीन तिचा समाचार घेते. टबात मात्र ती मुलांच्या ओंजळीतच राहते. मुले तेच पाणी तोंडात घेऊन गुळणी करतात, एकमेकांवर फवारतात आणि थोडेफार गिळतातही.

त्यातून होणारे विकार नेहमीचेच आहेत. जुलाब, रक्ती आव, उलट्या, कान दुखणे व वाहणे, डोळे येणे, अंगावर पुरळ उठणे. उन्हाने कोमट झालेले पाणी तर जंतूंच्या वाढीला फारच सोयीचे. रात्रभर ठेवलेल्या टबाच्या कडेवर बोट फिरवून पाहा. जो बुळबुळीत थर हाताला लागतो तो म्हणजे जंतूंची वसाहतच असते. पाणी काठोकाठ नितळ दिसत असले तरी हा थर आपले काम करत राहतो.

हे बागुलबुवा उभे करण्यासाठी सांगितलेले नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका जलउद्यानात लहान मुलांच्या उथळ तलावातून ई. कोलाय या जंतूच्या घातक जातीचा फैलाव झाला. २६ जण आजारी पडले, काही मुलांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि एक मूल दगावले. तिथे क्लोरीनची व्यवस्था होती, फक्त त्याचे प्रमाण पुरेसे राखले गेले नव्हते. आपल्या अंगणातल्या टबात तर तशी व्यवस्थाच नसते.

साचलेल्या पाण्याचा नियम लहान टबाला लागतो तसाच मोठ्या तलावालाही लागतो. झाशीच्या महालक्ष्मी मंदिराजवळचा लक्ष्मी ताल हे त्याचे डोळ्यांसमोरचे उदाहरण. शहरातील नाल्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात येत राहिले, पाणी बदलण्याची सोय उरली नाही आणि एवढा विस्तीर्ण तलावही रोगट झाला. जिथे एवढ्या तलावाचा निभाव लागला नाही, तिथे अकरा बादल्या पाण्याची काय कथा!

औषध टाकून का भागत नाही?

टबातले पाणी टिकवण्यासाठी घरोघर निरनिराळे उपाय केले जातात. त्यांचा खरेखोटेपणा एकदा पाहून घेणे बरे.

तुरटी: तुरटीने गढूळ पाण्यातील माती खाली बसते आणि पाणी नितळ दिसते. पण तिने जंतूंचा भरवशाने नाश होत नाही. उलट पाणी नितळ दिसल्यामुळे आपण निर्धास्त होतो.

मीठ आणि कडुनिंबाचा पाला: मूठभर मिठाने किंवा पाल्याने टबातले पाणी निर्जंतुक होत नाही. पाला कुजला की पाण्यात घाणीची भरच पडते.

जखमा धुण्याचे जंतुनाशक: दोन झाकणे टाकली की दवाखान्यासारखा वास येतो आणि समाधान वाटते. परंतु ही द्रव्ये मुलांनी तोंडात घ्यायच्या पाण्यासाठी नसतात. त्यांनी डोळे चुरचुरतात, त्वचेची आग होते आणि पाणी पोटात गेले तर अपाय होतो.

पोटॅशियम परमँगनेट: गावाकडे विहिरीत हे लाल औषध टाकत असत. टबात त्याचे प्रमाण साधणे अवघड असते. जास्त झाले तर कातडी आणि कपडे डागाळतात, डोळ्यांना इजा होते.

ब्लीचिंग पावडर: तिच्यातील क्लोरीन जंतू मारतो हे खरे. पण गणित पाहा. १७० लिटर पाण्याला लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन हवा असेल तर ताजी, चांगल्या प्रतीची पावडर लागते केवळ अर्धा ग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर. घाईत चमचाभर पडली की प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि मुलांचे डोळे लाल होतात, त्वचा कोरडी पडते. उलट डब्यात महिनोन्महिने पडून राहिलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून गेलेला असतो, तेव्हा ती टाकूनही उपयोग होत नाही. शिवाय कडक उन्हात उथळ पाण्यातील क्लोरीन तासादोन तासांत बराचसा नाहीसा होतो. उरलेला घाम आणि लघवी यांच्याशी संयोग पावून खर्ची पडतो. नळाच्या पाण्यात मुळात असलेल्या क्लोरीनचीही हीच गत. तो पाणी घरापर्यंत सुरक्षित आणण्यासाठी असतो, तीन मुलांची घाण सोसण्यासाठी नव्हे. त्यातही क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जुलाबाचा एक जंतू असा चिवट आहे की, क्लोरीनचे प्रमाण नीट राखलेल्या तलावातही तो सात दिवसांहून अधिक जगू शकतो.

एक धोक्याची सूचना इथे दिलीच पाहिजे. ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव आणि शौचालय साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

थोडक्यात, मोठ्या तलावाचे तंत्र छोट्या टबाला लागू पडत नाही. छोट्या टबाचे तंत्र एकच. पाणी थोडे घ्या, त्याच दिवशी वापरा, त्याच दिवशी काढून टाका.

पाणी किती आणि कसे भरावे?

पाणी रोज बदलायचे ठरले की पहिला प्रश्न त्याच्या मापाचा. बाजारात टब निवडतानाच मोह आवरावा. मोठा टब दिसायला छान असतो, पण तो भरणे आणि उपसणे रोज जमत नाही आणि मग पाणी साठवण्याचा मोह होतो. ३ फूट व्यासाच्या टबात ४ इंच पाणी भरले तर ते सुमारे ६४ लिटर होते, म्हणजे मोठ्या चार बादल्या. दोन लहान मुलांना खेळायला तेवढे पुरते. तुलनेसाठी सांगायचे तर जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील एका माणसाच्या दिवसभराच्या गरजेसाठी ५५ लिटरचे माप धरलेले आहे. १७० लिटरचा टब म्हणजे तीन माणसांचे दिवसाचे पाणी. तेव्हा टब जितका लहान तितका तो घरालाही परवडतो आणि गावालाही.

पाणी भरताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

* टब सावलीत ठेवावा. अंगणात झाड असेल तर फारच उत्तम. नसेल तर दोन दोऱ्यांवर जुनी सुती चादर बांधून सावली करता येते. सावलीत पाणी कोमट होत नाही आणि प्लॅस्टिकही लवकर विरत नाही.
* टबाखाली जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे. खडे टोचून टब फाटत नाही आणि माती आत येत नाही.
* पाणी पिण्याच्या योग्यतेचे असावे. नळाचे पाणी सर्वांत बरे. उघड्या विहिरीचे, तळ्याचे किंवा कुठून भरले याचा पत्ता नसलेल्या टँकरचे पाणी टबात घेऊ नये.
* गच्चीवरील काळ्या टाकीतले आणि उन्हात पडलेल्या रबरी नळीतले पाणी मे महिन्यात चटका बसेल इतके तापते. नळीतले पहिले पाणी बादलीत सोडावे, हाताने पारखावे आणि मगच टबात घ्यावे.
* पाणी आदल्या रात्री भरून ठेवू नये. मुले उतरायच्या थोडे आधीच भरावे.

खेळण्याची वेळ सकाळी नऊच्या आधीची किंवा ऊन उतरल्यानंतरची असावी. पाण्यात आहे म्हणून मुलाला ऊन लागत नाही, ही चुकीची समजूत आहे. भर दुपारी गच्चीवरच्या टबात खेळणारे मूलही उष्माघाताने आजारी पडू शकते.

टबात उतरण्याआधी

पाणी स्वच्छ ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्यात घाण जाऊच न देणे. त्यासाठी घरात चार नियम करावेत आणि ते पाहुण्यांच्या मुलांनाही लागू करावेत. "एवढ्याने काय होते" म्हणून एकाला सूट दिली की नियम मोडलाच.

* आधी शौच-लघवी उरकून घ्यावी आणि साबणाने स्वच्छ धुवावे. नंतर दोन तांबे पाणी अंगावर घेऊन, पाय चोळून मगच टबात उतरावे. तेल किंवा पावडर लावलेली असल्यास ती धुऊन टाकावी.
* ज्या मुलाला जुलाब होत आहेत किंवा नुकतेच थांबले आहेत त्याला टबात उतरू देऊ नये. जुलाब थांबल्यानंतरही काही जंतू मळावाटे बाहेर पडत राहतात. म्हणून साधारण दोन आठवडे थांबणे चांगले. अंगावर उघडी जखम, गळू किंवा कान वाहत असेल तरीही थांबावे.
* लंगोट किंवा डायपर घातलेल्या बाळाला इतर मुलांबरोबर बसवू नये. त्याच्यासाठी वेगळे घमेले असावे आणि त्यातले पाणी लगेच ओतून द्यावे.
* टबात खाणेपिणे नको. आंब्याची कोय आणि बिस्किटाचा चुरा पाण्यात पडला की मुंग्या, माश्या आणि जंतू तिघांचीही सोय होते.

दर अर्ध्या तासाने मुलांना बाहेर काढून लघवीला पाठवावे आणि प्यायला पाणी द्यावे. तहानलेले मूल टबातलेच पाणी पिते. खेळता खेळता एखाद्या मुलाने टबात शौच केले तर मुलांना ताबडतोब बाहेर काढावे, सगळे पाणी शौचालयात ओतावे, टब घासून त्या दिवसापुरता बंद ठेवावा आणि मुलांना साबणाने आंघोळ घालावी. यात कंजूषपणा करू नये. मुलावर रागावूही नये, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

एवढे करूनही एखाद्या मुलाला जुलाब लागलेच तर क्षारसंजीवनी सुरू करावी. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. शौचात रक्त दिसले, मूल मलूल झाले किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये.

संध्याकाळचे पंधरा मिनिटांचे काम

मुले बाहेर आली की टब लगेच रिकामा करावा. "उद्या सकाळी पाहू" म्हटले की सकाळी पुन्हा तोच वाद सुरू होतो. पाणी काढल्यानंतर भांडी घासायचे थोडे साबण आणि जुना मऊ ब्रश किंवा काथ्या घेऊन तळ, कडा आणि फुगवलेल्या कड्यांमधल्या चिरा घासाव्यात. बुळबुळीत थर नेमका तिथेच बसतो. मग स्वच्छ पाण्याने विसळून टब उलटा किंवा उभा करून ठेवावा.

यानंतरची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, ती म्हणजे टब पूर्ण कोरडा करणे. ओलसर टबात जंतू टिकून राहतात, कोरड्यात त्यांचा टिकाव लागत नाही. टब किमान चार तास उन्हात वाळवावा असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. जे ऊन मुलांना नको, ते टबाला मात्र उपयोगी पडते. संध्याकाळी खेळ झाला तर टब रात्रभर निथळू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात ठेवावा. सकाळी खेळ झाला तर दुपारचे ऊन आहेच. कडक उन्हात तापलेली हवा फुगते आणि टबाचा जोड उकलू शकतो, म्हणून वाळत घालण्यापूर्वी थोडी हवा सोडून द्यावी.

हंगाम संपल्यावर टब घडी करण्यापूर्वी तो खडखडीत वाळला आहे याची खात्री करावी. घडीत ओल राहिली तर पुढच्या वर्षी काळ्या बुरशीचे डाग दिसतील. ते डाग घासूनही निघत नसतील तर टब टाकून द्यावा.

पाणी फेकायचे नाही, फिरवायचे

आता आजीच्या मूळ शंकेकडे वळू. रोज चार बादल्या पाणी वाया घालवायचे का? मुळीच नाही. टबातून काढलेले पाणी खेळायला अयोग्य झाले, म्हणून ते निरुपयोगी झाले असे नाही.

झाशीत आजही अनेक घरांत संध्याकाळी अंगण आणि गच्ची पाण्याने शिंपतात, म्हणजे रात्री जमीन थंड राहते. एरवी त्यासाठी दोनतीन बादल्या ताजे पाणी खर्च होतेच. ते काम टबातल्या पाण्याने करावे. मोगरा, जास्वंद, पेरू आणि लिंबाच्या आळ्यात हे पाणी घालता येते. मात्र कोथिंबीर, पुदिना यांसारख्या कच्च्या खायच्या पाल्यावर ते शिंपडू नये. शौचालयात ओतण्यासाठी, जिना व ओटा धुण्यासाठी, सायकल किंवा स्कूटर पुसण्यासाठीही ते चालते. कूलरच्या टाकीत मात्र घालू नये, कारण त्या पाण्याचे तुषार आणि वास घरभर पसरतो. साबण लावून टब विसळलेले पाणी झाडांना न घालता मोरीत किंवा शौचालयात वापरावे.

असे केले की घरातील पाण्याचा एकूण खर्च फारसा वाढत नाही. जे पाणी संध्याकाळी अंगणात जाणारच होते, ते आधी तासभर मुलांच्या हाती दिले एवढेच. हा हिशेब एकदा पटला की घरातील मतभेदही मिटतो. जुन्या मराठी घरांतही याहून वेगळे नव्हते. बाळाला घंगाळात बसवून न्हाऊ घालत आणि ते पाणी केळीच्या नाहीतर अळूच्या आळ्यात जाई. उद्यासाठी ते कुणी राखून ठेवत नसे.

डासांना आमंत्रण नको

टबात पाणी ठेवण्याचा आणखी एक तोटा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ दिसणाऱ्या साचलेल्या पाण्यात वाढतो. उबदार हवेत त्याच्या अंड्यापासून पूर्ण डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. मादी आपली अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कडा घासणे तितकेच महत्त्वाचे.

महाराष्ट्रात आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. त्या दिवशी घरातील हौद, टाक्या, पिंपे रिकामी करून घासायची. झाशीकरांनी त्यात कूलरची टाकी आणि मुलांचा टब या दोहोंची भर घालावी. पावसाळा सुरू झाला की टब गच्चीवर उघडा टाकू नये. कोपऱ्यात पडलेल्या टबाच्या घडीत साचलेले वाटीभर पाणीही डासांना पुरते.

नजर हटली की घात होतो

पाणी कितीही स्वच्छ असले तरी एक धोका उरतोच. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. पालथे पडलेल्या वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला स्वतःहून उठता येत नाही. ते ओरडतही नाही आणि दोनतीन मिनिटांत अनर्थ होतो. फोनची घंटी, दारावरचा दूधवाला, गॅसवरची कुकरची शिट्टी, एवढी निमित्ते त्याला पुरेशी असतात.

म्हणून टबाजवळ एक मोठे माणूस सतत बसलेले असावे, हाताच्या अंतरावर. सातआठ वर्षांच्या ताईवर धाकट्या भावाला सोपवून आत जाऊ नये. उठावेच लागले तर मुलाला टबातून काढून बरोबर न्यावे. खेळ संपताच टब रिकामा करण्याचे हेही एक मोठे कारण आहे. दुपारी सगळे झोपलेले असताना रांगते मूल भरलेल्या टबापर्यंत पोहोचू शकते. रिकाम्या टबात बुडण्याचा प्रश्नच येत नाही.

पाणी नसेल त्या दिवशी

काही दिवस असे येणारच की नळाला पाणी नाही आणि टँकरही चुकला. त्या दिवशी टब भरू नये आणि कालच्या पाण्यावरही भागवू नये. मुलांची समजूत काढता येते. अर्धी बादली पाणी, एक मग आणि बाटलीच्या झाकणाला भोके पाडून केलेला फवारा एवढ्यावर मुले अर्धा तास रमतात. ओल्या पंचाने अंग पुसून पंख्याखाली बसवले तरी गारवा मिळतो. आपल्या गावात पाणी कुठून येते, ते का कमी पडते, हे सांगायलाही हा दिवस चांगला.

रोजच्या कामांत या टबाची भर नको, असे काही जणींना वाटेल. पण काम विभागता येते. पाणी भरणे वडिलांकडे, झाडांना घालणे मुलांकडे, घासणे आळीपाळीने. खेळ ज्यांचा, त्यांनी बादली उचलायला लाजू नये. सहा वर्षांचे मूलही छोट्या तांब्याने मोगऱ्याला पाणी घालू शकते आणि ते काम त्याला खेळाइतकेच आवडते.

टबातल्या पाण्याची स्वच्छता कुठल्याही पुडीत किंवा बाटलीत मिळत नाही. थोडे पाणी, स्वच्छ अंग, मोठ्यांची नजर आणि संध्याकाळी रिकामा झालेला टब, एवढे सांभाळले तर जंतू, डास आणि अपघात हे तिन्ही धोके एकदम टळतात. आणि पाण्याची नासाडी न करता मुलांना उन्हाळ्याची मजा देता येते.